डचेसने खाल्लेला पंख

शेपी बेट, केंट
मंगळवार, मे १९११

चिरंजीव ईनक यास,

थोरल्या बहिणीचा, केझायाचा, भरभरून आशीर्वाद. तुझं पोट आता बरं आहे असं लिहिलंस, पण अक्षर तिरकं आलंय, तेव्हा खरं काय ते बायकोला लिहायला सांग. (तिनेही लपवलं, तर मी समजायचं ते समजेन.)

माझ्याकडे आरमाराचा एक लेफ्टनंट भाड्याने राहतोय, हार्विल नावाचा. दिसायला अगदी सालस, म्हणूनच मला पहिल्या दिवसापासून संशय. आरमाराचा माणूस जहाज सोडून आमच्या माळावर काय करतो? विचारलं तर म्हणे, "बाई, उडायला शिकतोय." असं कुणी तोंडावर सांगतं का! उजाडायच्या आत अंगणात बोट ओलं करून उभा राहायचा, माझ्या धुराड्याचा धूर न्याहाळायचा. त्यात माझा खिरीचा साबुदाणा कमी व्हायला लागला. आधी वाण्यावर संशय घेतला, मग मांजरीवर (ती अजून माझ्याकडे बघत नाही). शेवटी आज पहाटे गुपचूप त्याच्या मागोमाग निघाले.

माळावरच्या छपराखाली बघते तर काय, माझ्याच पातेल्यात साबुदाण्याची खळ शिजतेय, आणि हा नि त्याचा मिस्त्री गेज, दोघं ती विमानाच्या कापडी पंखांना फासताहेत! म्हणे कापड ताठ बसतं, वारा आरपार जात नाही. म्हणजे हा पोरगा माझ्या खिरीच्या भरवशावर आभाळात जाणार होता! मी त्याला तिथेच फैलावर घेतलं. घेत होते, तेवढ्यात मागून चाटल्याचा आवाज आला. मी घाईत फाटक उघडं टाकलं होतं (कुणी मुद्दाम उघडलंही असेल, मी कुणाचं नाव घेत नाही), आणि आपली गाय डचेस, सवयीने माझ्या मागे आलेली, दुसऱ्या पंखाची खळ चाटता चाटता कापडही खाऊन मोकळी झाली होती. हे एवढं भगदाड!

लेफ्टनंटने ते हाताने मोजून पाहिलं. परवा गुरुवारी आरमाराचे बडे अधिकारी येणार. शेजारी एक माणूस बसवून दीपगृहाला वळसा घालून दाखवायचा, नाहीतर विमान कायमचं विसरून परत जहाजावर. नवं कापड यायला आठवडा लागणार. पण मला बोल लावायचा सोडून हा डचेसच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "हिचं पोट नाही ना दुखणार?" (हाही डावच असेल म्हणा, पण साधला खरा.)

तशीच घरी आले आणि आईने माझ्यासाठी राखून ठेवलेली लिननची चादर काढली. तीच, मी गेल्यावर मला गुंडाळायची, कोपऱ्यात माझं नाव भरलेली. तिचं ठिगळ पंखाला मीच शिवलं. त्या गेजचे टाके मी पाहिलेत.

तुझ्या बायकोला आशीर्वाद, पोरांना पापा. डचेस ठणठणीत आहे.

तुझी बहीण,
केझाया

ता. क. ठिगळ कुठल्या चादरीचं ते कळताच गेज म्हणाला, "मयताच्या चादरीवर मी नाही बसायचा!" आता शेजारी बसायला माणूस नाही. बाबांची कानटोपी तुझ्याकडे आहे (नाही म्हणू नकोस, मी पाहिली आहे), ती उद्याच्या टपालाने पाठव. माझी चादर परक्या पुरुषाबरोबर एकटी आभाळात पाठवायला मी काही खुळी नाही.

आणखी ता. क. काही कमीजास्त झालंच, तर चादरीसाठी माझी कपाटं उचकू नकोस. ती माझ्याजवळच असेल.