फाटकावरची फांदी आणि नवी करवत

नोएडा,
१२ जून २०१४

तीर्थरूप भाऊसाहेबांस,
धाकट्या दिनकरचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्याला उतार असेल आणि वहिनी तुम्हाला जिने चढू देत नसतील, असे धरून चालतो. इकडे वासंती आणि मी दोघे मजेत आहोत. माझी दहाही बोटे शाबूत आहेत. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या कुमुदताईने फोनवर तुम्हाला काय सांगितले असेल याचा भरवसा नाही.

झाले असे, की गेल्या शुक्रवारच्या आंधीत दारातल्या निंबाची जाडजूड फांदी मोडून फाटकावर आडवी पडली. गाडी आत अडकली. उद्यान खात्याला फोन केला, तर त्यांनी नाव लिहून घेऊन ‘बिल्कुल चिंता मत कीजिए’ म्हटले (चिंता तेव्हाच सुरू झाली). मग आम्ही दोघे फांदीखालून वाकून बाहेर पडलो, मेट्रोने करोल बागेत गेलो आणि विजेवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळी फिरणारी करवत, घेऊन आलो. हेल्मेट, चष्मा आणि हातमोजे मी घेणार नव्हतो. वासंतीने घ्यायला लावले.

घरी आल्यावर तिने करवतीचे माहितीपत्रक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचले. मी एकतीस वर्षे सरकारी फायली न वाचता पुढे सरकवल्या, तेव्हा मला तो सराव नाही. तिने माझी लुंगी बदलायला लावली, बूट चढवले, वायर माझ्या पाठीमागे नेली, फांदीखाली विटांचे टेकू दिले आणि चहाचा कप घेऊन बघायला आलेल्या शेजारच्या सूरीसाहेबांना पंधरा पावले मागे पाठवले (ते म्हणाले, भाभीजी, मी तर फक्त चहा पितोय). वरचा भाग शिडीवरून कापावा असे माझे मत होते. ती बटणापाशी खुर्ची टाकून बसली आणि म्हणाली, “शिडीवर पाय ठेवलात तर प्लग काढीन.” मी जमिनीवरूनच सुरुवात केली.

दोन तुकडे झकास पडले. तिसऱ्या वेळी मी सूरीसाहेबांकडे बघून हसलो आणि पात्याचे टोक दुसऱ्या डहाळीला लागले. टोक कशालाही लागू देऊ नये, या ओळीखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ होती. करवत उसळून थेट तोंडाकडे आली. पुढच्या दांडीला (तोच तिचा ब्रेक) हात लागून साखळी थांबली, ती नाकापासून वीतभर अंतरावर. मी पायरीवर जाऊन बसलो. वासंती रागावली नाही. तिने हेल्मेट काढून माझा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारले, “लागलं का हो कुठे?” इतक्या हळू आवाजात तिने लग्नानंतर मला काही विचारल्याचे आठवत नाही. हे फक्त तुम्हाला सांगतो.

त्यानंतर मात्र करवत उत्तम चालली. संध्याकाळपर्यंत फांदीचे अठरा तुकडे झाले आणि गाडी बाहेर आली.

वहिनींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
दिनकर

ता. क. सोबत फोटो आहे. हेल्मेट घालून करवत धरलेली व्यक्ती वासंती आहे. तिसऱ्या तुकड्यापासूनचे सगळे तिनेच कापले. मागे लाकडे उचलणारा मी.

आणखी एक. तुमच्या परसातला फणस वाळला का, असे ती कालपासून विचारते आहे. वाळला असला तरी हिरवागार आहे, असे तिच्या नावाने कार्ड टाका. दिवाळीत मला तुमच्याकडे निवांत पत्ते खेळायचे आहेत.