कागदात नसलेलं वाक्य

सत्तरी ओलांडूनही माझ्या लेखी चिरंजीवच असलेल्या धाकट्या भावास, थोरल्या अक्काचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? रुसून बसल्यावर तो जास्त दुखतो म्हणे. माझ्या तब्येतीचं खाली येईल. हे पत्र कुणाच्या हातचं ते तू अक्षरावरून ओळखशील आणि फाडायला घेशील. फाडू नकोस. अक्षर तिचं असलं तरी तोंड माझं आहे. (नात विचारते, हेही लिहायचं? म्हटलं, सगळंच लिहायचं, तुमच्याच ऑफिसचा नियम ना.)

तू आपला वाचून दाखवणाऱ्यांचा समूह सोडल्याला सव्वा महिना झाला. फोनवर कागदाचा फोटो टाकायचा आणि पलीकडून कुणा भल्या माणसानं तो वाचून दाखवायचा, एवढीच काय ती आम्हा न दिसणाऱ्यांची आणि न शिकलेल्यांची सोय. वाचणारे तुम्ही बिनपगारी, तुमच्यावर लक्ष ठेवणारे ऑफिसातले हे सहा पगारी, आणि त्यातली एक माझी नात. तुझ्यामागोमाग चाळीस वाचणारे उठून गेले. आता सहाजण डोळे चोळत वाचतात. खोकल्याच्या बाटलीवर काय लिहिलंय ते चौथ्या दिवशी कळतं, तोवर खोकला गेलेला असतो, नाहीतर माणूस.

नातीचं चुकलं, हे मी तिच्याच हातानं लिहवते. वाचताना पदरचं घालू नका, हे तुला एकट्याला सांगायचं होतं, दोनशे लोकांसमोर नाही. (लिहिलंस का? लिहिलं म्हणते.) पण त्या म्हाताऱ्या शिंप्याचं तू काय केलंस तेही बघ. लेकानं लिहिलं होतं, येणार नाही, वाट बघू नका. तू वाचलंस, लवकरच येतो. शिंप्यानं मशीन कोपऱ्यात सरकवलं, खोलीला रंग दिला, नवी गादी आणली आणि तीन दिवस गादीच्या काठावर बसून दाराकडे बघत राहिला. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलीस, दुसऱ्याचा एक चुकलेला काना सोडला नाहीस, आणि स्वतः अख्खं वाक्य घुसवलंस.

मी मिटवायला गेले ते कानावर आलं असेलच. बोलून पाठवायचा निरोप तुला म्हणून बोलले, तो गेला सगळ्या समूहाला. त्यात पगारी शिष्ट आणि बिनपगारी रुसूबाई, असं दोघांनाही सारखंच झाडलं होतं. मग नातीनं सगळ्यांना फोनच्या पडद्यावर एकत्र बोलावलं. आधी सगळे एकदम बोलले, मग कुणीच बोलेना. इतकं की दृष्टी गेलेल्या एका मास्तरांनी विचारलं, मी एकटाच उरलोय का? त्या रात्री मला घास गेला नाही.

या रिकामपणात मी ह्यांची जुनी पत्रं काढली. लग्नानंतर हे दूर बंदरावर नोकरीला होते आणि पत्रं तू वाचून दाखवायचास, दप्तर खांद्यावरून न उतरवता. परवा नातीकडून वाचून घेतली. छप्पर गळतं का, साबण जपून वापर, कंदिलाची काच फुटली असल्यास कळव. संपलं. म्हटलं, शेवटी 'तुझ्यावाचून करमत नाही' असायचं, ते कुठंय? तिनं पाठपोट पाहिलं. नाही म्हणाली. मेल्या, दहा वर्षांचा होतास तू. त्या एका वाक्याच्या भरवशावर मी त्या माणसाशी पन्नास वर्षं नीट वागले. आता भांडायला ते नाहीत, आणि आभार मानायचे तर तुझे. (नात नाक ओढते. सर्दी आहे म्हणते.)

म्हणून तोडगा काढलाय. कागदात आहे ते अक्षर न् अक्षर वाचायचं. मग मोठ्यानं म्हणायचं, 'कागद संपला.' त्यापुढं वाचणाऱ्यानं आपल्या मनातलं हवं तेवढं बोलावं, पगाऱ्यांनी त्यात नाक खुपसू नये. शिंप्याला तू आधी खरं ते वाचून दाखवायचंस, आणि मग वाटलं तर जाऊन त्याच्या शेजारी गादीवर बसायचंस. नातीला पटलंय. तू आलास की ते चाळीसही येतील. त्यांनाही घरी करमत नसणार.

तुझी,
अक्का

ता. क. – तोडग्याचं खरं, पण पत्र त्यासाठी नाही. माझ्या पोटाची तपासणी झाली, तिचा कागद आलाय. नातीला म्हटलं, वाच. नियम करणाऱ्या या बाईनं तो दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाली, काही नाही आजी, सगळं छान आहे. मग पाणी प्यायला म्हणून गेली ती बराच वेळ आली नाही. 'छान' एवढंच सांगायला दोन पानं कुणी छापत नाही. तू ये. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, प्रूफ तपासल्यासारखं.

आणखी एक – वरचं लिहिताना ती थांबली होती. काय लिहिते ते मला थोडंच कळतंय? पण पेन कागदावर चालल्याचा आवाज येतो. तो येईपर्यंत मी पुढं बोलले नाही. आला.

नातीकडून – मामाआजोबा, आजी बोलली तेच लिहिलं आहे, एकही शब्द बदललेला नाही. कागद संपला. यापुढचं माझं. सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं. आणि तपासणीचा तो कागद मला नाही वाचता आला. समूहात यायचं तेव्हा या, घरी उद्याच या.