तीन फुल्यांचा मफलर

बाबा, परवा मुंबईच्या एका प्रदर्शनात एका बाईंनी मी विणलेला लोकरीचा स्टोल उचलला. त्यांना एक वाकडा टाका दिसला आणि त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "हाताचं काम असं ओळखू येतं बघा." तुमच्या भाषेत रिजेक्ट माल. आता लोक त्यालाच डिझाइन म्हणतात आणि त्यासाठी शिरगावला माझ्या पडवीपर्यंत गाड्या घेऊन येतात. तुम्ही असता तर तुमचं तोंड कडू झालं असतं, आणि ते मी समोर बसून पाहिलं असतं. तुमच्याबद्दल चांगलं लिहायला मी बसलेली नाही, हे आधीच सांगते.

तारापूरच्या शालींच्या कारखान्यात तुम्ही चेकर होतात. तिथे चुका शोधायचा पगार मिळायचा, घरी फुकट शोधायचात. भाकरीची कड, माझ्या वहीतला समास, आईनं घातलेली चादरीची घडी, सगळ्यावरून तुमचं बोट फिरायचं. पाहुण्यांसमोर म्हणायचात, "हिच्या हाताला वळण नाय." मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी असायचे. आज माझ्या हाताखाली सहा बायका विणतात, पण ते वाक्य आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

अकरावीत होते. थंडीत पहाटेच्या पाळीला तुम्ही कानाला टॉवेल गुंडाळून पालघर स्टेशनापर्यंत सायकल मारायचात. मला तुमची कीव यायची, मूर्ख होते. दोन महिने खपून नेव्ही ब्लू मफलर विणला आणि एका रविवारी सकाळी ओट्यावर तुमच्या हातात दिला. तुम्ही तो गळ्यात घातला नाहीत. मांडीवर पसरलात, बोटं फिरवलीत, खिशातून खडू काढलात आणि तीन ठिकाणी फुल्या मारल्यात.

"तीन जागी टाके गळलेत. उसव नि परत विण."

आई दारातून म्हणाली, "आवो, पोरीनं तुमच्यासाठी केलाय. आज तरी गप ऱ्हावा."

"पोरगी हाय म्हणून पास करू?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच टॉवेल. मी रडले नाही आणि उसवलाही नाही.

आता जे लिहिते ते आईलाही ठाऊक नाही. हा कागद मी लोकरीच्या गाठोड्याखाली ठेवणार आहे. त्या मफलरची लोकर संपली होती, पालघरच्या बाजारात तसा रंग मिळाला नाही, म्हणून शेवटची वीतभर मी काळी विणली. उन्हात कुणालाही कळलं असतं. सगळ्यात जास्त त्याच्यावरून ओरडाल म्हणून मी वाट बघत उभी होते. गळलेले टाके बोटांना लागले, पण तुमचा हात त्या काळ्यावरून सरळ गेला. रंगात जरा फरक दिसला तर शाल परत पाठवणारा माणूस! तुमच्या डोळ्यांचं काही खरं नाही, हे मला तिथेच कळलं. सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तुम्ही "उसव" म्हणालात, आणि मी गप्प बसले. त्यानंतर रोज सकाळी तुम्हाला कामावर जाताना बघत होते, तरी गप्पच होते.

दोन महिन्यांनी निळ्या शालींचा माल परत आला. त्यात काळ्या शाली निघाल्या, सगळ्या तुमच्या हातून पास झालेल्या. तुम्हाला तपासणीवरून काढून खोकी भरायला बसवलं. त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यावर बसून आईला परत परत विचारत होतात, "माला कसं दिसलं नाय?"

मी आत ऐकत होते. आईला मी अजून सांगते की तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. बरं वाटलं होतं, बाबा.