अपडेट कोणी केलं?

सोमवार, ४ मार्च

माझी खुर्ची दोन बोटं खाली आली आहे! हा साधा अपराध नव्हे, हा आसनभंग आहे. राजेलोकांनी याहून क्षुल्लक कारणांवरून युद्धं केली. माझ्या जागी कोणीतरी बसून गेलं, एवढं नक्की.

त्यात संगणक सुरू होईना. काळा पडदा, पांढरी अक्षरं — 'कर्नल पॅनिक'. कर्नल म्हणजे यंत्रणेचा गाभा; त्यालाही धडकी भरते, हे नव्यानं कळलं. साप्ताहिकाचा लेख आत कोंडलाय.

मंगळवार, ५ मार्च

मेहुण्याला फोन केला. विंडोज सोडून लिनक्स प्रणाली वापरायचं खूळ मला त्यानंच लावलं. म्हणाला, "भावोजी, अपडेट चालू असताना कोणीतरी मधेच बटण बंद केलंय."

कोणीतरी! घरात माणसं दोन. त्यातलं एक जाता-येता दिवे, पंखे, दिसेल ते बटण बंद करत हिंडतं.

बायकोला विचारलं. "अहो, शनिवारी दुपारी तुम्हीच नव्हता का बसलात? कंबर दुखते म्हणून खुर्ची खाली केलीत. जेवायला हाक मारली तशी बटण दाबून उठलात."

काय पण रचलंय! खुर्चीबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. मग हिला कसं कळलं?

बुधवार, ६ मार्च

दिवसभर तिच्यावर डोळा ठेवला. तीही माझ्याकडे बघते आणि नजर वळवते. संध्याकाळी भावाशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. मी आत गेलो तर, "ठेवते रे." भावाबहिणीचं काहीतरी शिजतंय.

गुरुवार, ७ मार्च

उठला! मेहुणा फोनवरून सांगत गेला, मी करत गेलो. संगणक सुरू होताना एस्केपची कळ दाबत राहिलो, यादी उघडली, त्यातला अपडेटच्या आधीचा जुना कर्नल निवडला. लेख सुखरूप.

मग अर्धवट अपडेट पुरं करायची आज्ञा दिली, तर पासवर्ड मागितला. माझा पासवर्ड म्हणजे मीच रचलेला हातभर लांब समास. घरात दुसऱ्या कोणाला धड म्हणता यायचा नाही, टाइप करणं तर दूरच! ऐटीत टाकला.

"अपडेट सुरू करतानाही हाच लागतो, भावोजी," मेहुणा म्हणाला. "ताईला सांगून ठेवलाय का?"

"छे! कोणालाच नाही."

त्यानं हळूच फोन ठेवला. मग मीही.

शुक्रवार, ८ मार्च

खुर्ची खालीच राहू दिली. कंबर खरंच दुखते. शनिवारची दुपार आठवून पाहिली — काहीच नाही. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मलाच विचारायचे, "आपण कोण?"

मला भीती वाटते. तिला ती माझ्याआधीच वाटू लागली असावी.