'तारामती' अजून नोकरीवर

३ जानेवारी, तंजावूर
सकाळी पोचले. नंदिताबाई स्वतः स्टेशनवर न्यायला आल्या होत्या. घर राजवाड्यामागच्या गल्लीत, लहान आणि स्वच्छ. काम सोपं आहे. त्यांचे सासरे बाळकृष्णराव नव्व्याण्णव वर्षांचे. बाहेर जन्मभर तमिळ बोलले, आता ती विसरले. उरली ती घरातली जुनी मराठी. नातवंडांना ती कळते, बोलता येत नाही. नंदिताबाई पापनाशमला बँकेत जातात, म्हणून दिवसभर मराठीत उत्तर देणारं माणूस हवं होतं. मी आधीच सांगितलं, शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाचून वाचून. त्या हसून म्हणाल्या, मामंजींना नुसतं हुं म्हणणारी पुरे. कॉफी फार चांगली मिळते. माझ्या प्रद्युम्नला फोन लागला. त्याचं जहाज कोलंबोत आहे. तंजावुरात मासे मिळतात का, हे पोराने आधी विचारलं.

९ जानेवारी
दुपारची कॉफी झाली की बाळकृष्णराव, मी त्यांना अण्णा म्हणते, 'तारामती' जहाजाबद्दल सांगतात. पोरवयात ते तिच्या भटारखान्यात होते. आधी ती नागपट्टणहून पेनांगला मजूर आणि कांदे न्यायची. लढाई लागली तेव्हा सरकारने ती ताब्यात घेतली, राखाडी रंग दिला, पोटात एकावर एक फळ्यांची बिछायत ठोकली आणि सैनिक भरले. मुंबई ते बसरा. मुंबई ते सुवेझ. मद्रास ते सिंगापूर. रोज एक फेरी सांगतात, क्रमाने. एक हवालदार पत्त्यांत बूट हरला आणि बसऱ्याला अनवाणी उतरला, तेव्हा मी पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले.
हे आमच्या ह्यांनाही आवडलं असतं. तेही भंडारीच होते, म्हणजे स्वयंपाकी, तेलाच्या जहाजावर. नऊ वर्षांपूर्वी अंदमानजवळ वादळात पडले, सापडले नाहीत. मी त्यांना 'प्रद्युम्नचे बाबा' म्हणायची, ते मला 'प्रद्युम्नची आई'. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत. अजूनही घेतलेलं नाही.

१६ जानेवारी
पोंगल झाला. घरभर उसाची चिपाडं. आज 'तारामती' बुडाली. चितगावच्या वाटेवर, भर दुपारी, पाणसुरुंग लागून. अण्णा वर कांदे सोलत होते म्हणून वाचले. खालचे कोणी वर आले नाहीत. मला रडू आलं. वाटलं, संपलं.

१७ जानेवारी
संपलं नव्हतं. अण्णांनी पुढची फेरी सुरू केली, चितगावहून अंदमान. मी हळूच म्हटलं, ती तर काल बुडाली. ते रागावले.
"बुडाली म्हणून तिला सुट्टी कोण दिलें? सरकार घेतलें. सोडल्याचा हुकूम आलाच नाहीं. ती नोकरीवरच आहे की, बाई."
मग शांतपणे समजावलं. खालचा कोणी फार थकला की त्याला सोडतात, पण जागा रिकामी ठेवत नाहीत. समुद्रावरचा दुसरा कोणी बदली म्हणून घेतात.
ते बोलत होते तेव्हा माझ्या वाटीतली कॉफी एका बाजूला कलली होती. वाटी सपाट जमिनीवर होती.

२१ जानेवारी
वर्षंच्या वर्षं ओलांडत फेऱ्या नऊ वर्षांपूर्वीपर्यंत आल्या. अंदमान. वादळ. तेलाच्या जहाजावरचा एक भंडारी घेतला, डाव्या गालावर भाजल्याचा डाग.
तो डाग मी इथे कोणालाच सांगितलेला नाही.
विचारलं, कसे आहेत. अण्णा म्हणाले, थकला आहे, घरी यायचें म्हणतो. मी शब्द टाकतो, नाव सांगा. नाव तोंडातून निघेना. सवयीने मी म्हटलं, "आमच्या प्रद्युम्नचे बाबा."
अण्णांनी डोळे मिटले. "प्रद्युम्न. बरें."
रात्रभर मी आनंदात होते. हेही लिहून ठेवते.

२४ जानेवारी
अण्णा म्हणाले, बदली ठरली. प्रद्युम्न चढतो, भंडारी सुटतो.
मी त्यांचे पाय धरले. सांगितलं, तो मुलगा आहे माझा, चूक झाली. आणि नवऱ्याचं नाव घेतलं. जन्मात पहिल्यांदा. रघुपती. रघुपती. गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.
"दिलें तें नाव गेलें, बाई. आता फिरत नाहीं."
प्रद्युम्नला फोन केला, उतर म्हटलं, मिळेल तिथे उतर. तो हसला. भर समुद्रात कुठे उतरू, म्हणाला. मग म्हणाला, सकाळपासून बाजूने एक जुनं राखाडी जहाज चाललंय, रडारच्या यंत्रावर दिसत नाही. आणि कांद्याचा वास येतो.

२७ जानेवारी
अण्णांची वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वय. पण ओठ हलतात — फेरी चालूच आहे.
प्रद्युम्नचा फोन लागत नाही. नंदिताबाई म्हणतात, समुद्रात असं होतं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.
माठातलं पाणी खारट.

२८ जानेवारी
अण्णा गेले. कुशीवर वळवलं तर तोंडातून पाणी — थांबेचना. नंदिताबाईंनी पाहिलं.
संध्याकाळी कंपनीचा फोन. प्रद्युम्न जहाजावर नाही. शोधतायत — धीर धरा म्हणाले —

२९ जानेवारी, अमावस्या
सगळे अस्थी घेऊन तिरुवैयारुला, कावेरीवर. घरात मी एकटी.
भर दुपार. दार वाजतंय. उंबऱ्याखालून पाणी आत येतंय. कडी लावून दाराला पाठ टेकून बसलेय. वही मांडीवर.
प्रद्युम्न असेल. सापडला असेल. तो असेल तर आई म्हणेल —
"प्रद्युम्नच्या आई."
तोच आवाज. नऊ वर्षांनी. नऊ वर्षं याच हाकेची वाट —
"प्रद्युम्नच्या आई, दार उघड. थंडी वाजतेय."
उघडणार नाही. उघडलं नाही तर कदाचित बदली — अजून कदाचित —
कडी आपोआप —
देवा. पोरा, एकदा आई म्हण. नुसतं आ