खोकला कुणाचा?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. वहिनीची पाठ कशी आहे? तुझ्या निळ्या शर्टाची कॉलर उलटवून शिवली आहे, अजून दोन वर्षं खपेल. पत्र त्याच्याच खिशात ठेवते आहे. आमच्या शिवणकारखान्यातल्या मास्तरीणबाई शर्ट पोचवतील. त्यांना चहा पाज, प्रश्न विचारत बसू नकोस. फोन का केला नाही म्हणशील, तर तो सध्या माझ्याकडे नाही.

तुझं पत्र मिळालं. ‘गाणं काढून टाक आणि लेखी माफी माग’ हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस, दुसऱ्यांदा तर खाली रेघ मारून. अरे, मी बहीण आहे की तुझ्या बांधकाम खात्यातली फाईल?

आणि काढू कुठून? गाणं सोडताना सोबत एवढंच लिहिलं होतं: घ्या, गा, वाटा, पैसे नकोत. लोकांनी शब्द पाळला. बसचा कंडक्टर तिकीट फाडताना तेच गुणगुणतो, त्याच्या तोंडातून काढू? परवा एक गोडबोल्या माणूस हक्क विकत मागायला आला होता. विकत घेऊन कुलूप घालणार, दुसरं काय! म्हटलं, भाऊ, विकायला उरलंय कुठं, सगळं वाटून संपलं. त्याचं तोंड बघायला तू हवा होतास.

खरं सांगू? गाजलं ते माझ्या गळ्यामुळे नाहीच.

पूल उभा राहिला बाई, रस्ता काही येईना,
फीत कापली तीन वेळा, कात्री खाली ठेवीना!
कोण गं बाई, कोण?

इथे मी तुमच्या खात्याच्या मंत्रीसाहेबांचं नाव घेतलं आणि नेमका तू खोकलास. माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर, गाणं टिपायला फोन धरून बसला होतास. नाव येणार हे कळलं आणि तुझी तंतरली. अख्खं नाव खोकल्यात बुडालं. पुन्हा गाते म्हटलं, तर म्हणालास, “राहू दे आता, दूध उतू जातंय.” तसंच पाठवलं. आता जो तो नावाच्या जागी खोकतो! मी समजत होते, नाव घेण्यातच काय ते धाडस. लोकांनी माझ्यावर ताण केली.

शनिवारच्या सभेचं कानावर आलंच असेल. साहेबांनी हात उंचावून विचारलं, “हे सगळं तुमच्यासाठी केलं कोणी? सांगा, कोणी?” आणि सगळं मैदान खोकलं. पुढच्या राखीव खुर्च्यांवरचेसुद्धा दोघंतिघं. मी मागे उभी होते, हसून हसून डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी मला चौकीवर बोलावलं. फोन तिथेच आहे. अधिकारी तसा सभ्य. त्याच्या बाहीचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. गणवेश आमच्याच कारखान्यातला, मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, “बाई, आवाज तुमचा, कबूल. पण खोकला पुरुषाचा आहे. आणि तिसरी फीत साहेबांनी फोटोपुरती, गेट बंद करून कापली होती. ती आतल्या माणसाशिवाय कुणाला माहीत नाही. कोण तो? नाव सांगा आणि घरी जा.”

ती गोष्ट तू इथेच, हसत हसत सांगितली होतीस. चौकीत नाव मी दिलं नाही; फोन ठेवून घेऊन रात्री मला सोडलं.

उद्या सकाळी पुन्हा बोलावलंय. या वेळी घरी सोडतील असं वाटत नाही, म्हणून शर्ट आजच पाठवतेय. भीती वाटते, दादा. पण माफी मी मागणार नाही आणि नावही त्यांना मिळणार नाही. गाताना वाजवते तो डफ मास्तरीणबाईंकडे दिलाय. जो मागेल त्याला द्या म्हटलंय.

आठवतं, बाबा विचारायचे, “कुणी फोडलं?” की तू लगेच खोकायचास? चोरी तिथेच उघडी पडायची. मग मी तुझ्या मागून खोकायला लागले. पुढे पुढे आईसुद्धा आतून खोकायची. मारायचं कुणाला, हे बाबांना कधी कळलंच नाही.

तुझ्या कचेरीतही विचारतील. तू खोकशीलच, तुला ते आवरणार नाही. आवरूही नकोस. शेजारच्या टेबलावरचा खोकेल, मग पलीकडचा, मग दारातला शिपाई. एवढ्या खोकल्यांतून तुझा कसा निवडणार?

उद्या मलाही पुन्हा तेच विचारतील, कोण? माझं उत्तर तयार आहे. चौकीतला एखादा तरी साथ देईल, बघ. बहुतेक तो लोंबत्या बटणवालाच.

वाचून झालं की पत्र जाळ. शर्ट मात्र घाल.

तुझ्या मागून खोकणारी,
धाकटी