सतरावं नाव

शुक्र. १२ मार्च ०४, मंगफ, कुवेत
बापूकाकांना हर्निया. लपवत होते. काल मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत स्कॅफोल्डिंगवर चढता चढता मध्येच बसले, तेव्हा कळलं. सरकारी हॉस्पिटलात सर्जनची तारीख मिळाली ती थेट ऑगस्टची. फोरमन म्हणतो, मेअखेर वर चढला नाही तर एक्झिट. काका घरी गेले की त्यांच्या मुलीचं, न.चं, डी.एड. बंद, आणि मग तो चिपळूणचा दुकानवाला आहेच लग्नाला टपलेला.
काकांना न.चं आणि माझं माहीत नाही. नात्याचे नसून व्हिसा त्यांनीच काढून दिला मला. एस.वाय.ला कॉलेज का सोडलंस, एवढंच कधी विचारलं नाही.
दुपारी नेहमीचं: बांगड्याचं कालवण नि हसनभाईंचं पेपरवाचन. हसनभाई दाभोळचे, फहाहीलला अरबी अर्ज टाइप करून देतात. मजलिसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, हॉस्पिटलांवरून जुंपलीय. एक सदस्य म्हणतो, परदेशी मजुरांनी गर्दी केली म्हणून आमच्या म्हाताऱ्यांना थांबावं लागतं, ह्यांची रांग वेगळी करा. दुसरा म्हणतो, खाटा वाढवल्या नाहीत, सर्जन आणले नाहीत, मजुरांवर काय ओरडता?
मी ताट सरकवलं.
हसनभाई: “भडकू, आधी मासा संपव. काटा अडकला तर तुला पण ऑगस्टच मिळायचा.”

मंगळ. १६
अर्धी रजा. तारीख अलीकडे येते का बघायला काकांबरोबर गेलो. चार तास. खिडकीतला म्हणाला, “बुकरा.” म्हणजे उद्या या. गेल्या खेपेलाही हेच.
डोकं फिरलं. वहीचं पान फाडलं आणि रांगेतल्या प्रत्येकाला विचारत गेलो: नाव, दुखणं, कधीपासून, तारीख कुठली. उभे होते त्याच क्रमाने लिहिलं. एकतीस नावं. चौथी एक कुवेती आजी, गुडघे धरून बसलेली. मी तिला टाळून पुढे चाललो होतो, तिनेच ड्रायव्हरला सांगून नाव लिहायला लावलं. तिलाही जून!
काका सतरावे.

शुक्र. १९
हसनभाईंनी यादी अरबीत टाइप केली. म्हणाले, पेपरला कशाला पाठवतोस, त्या ‘रांग वेगळी करा’वाल्या सदस्यालाच दे. दर रविवारी मगरीबच्या नमाजानंतर त्याच्या घरी दिवाणियात बैठक असते, कुणीही जाऊन बसावं. “बोलायला छाती पाहिजे फक्त.”
“आहे.”
“ती आहे रे. डोक्याचं बघ. आणि कॉफी पुरे झाली की कप हलवायचा. नाहीतर ओततच राहतात.”
काका भिंतीकडे तोंड करून: “कुणाच्या घरी जाऊन भांडू नकोस. माझ्या पोटाचं मी बघेन.”

रवि. २१
चपला बाहेर काढून आत गेलो. कप हलवायचं विसरलो, सहा प्यालो. सदस्य अगदी मऊ बोलणारा, त्याचाच जास्त राग आला. मी हिंदीत तावातावाने, हसनभाई अरबीत अदबीने. माझी निम्मी वाक्यं वाटेतच गळत असणार. यादी वाचताना तो चौथ्या नावाशी थांबला. कुवेती आजीचं नाव.
मग म्हणाला, तुझा माणूस ह्यातला कुठला? एक नाव सांग. उद्या फोन करतो, आठवड्यात ऑपरेशन होईल.
सतरा. जिभेवर आलं होतं. न. समोर दिसली, अगदी
“पहिल्यापासून करा. रांगेने.”
हसनभाईंनी भाषांतरच केलं नाही. मग माझ्या मोडक्या अरबीत मीच, बोट यादीवर ठेवून: “वाहद, वाहद.” एकेक करून.
त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या रविवारी ये म्हणाला. हो नाही, नाही नाही.
गाडीत हसनभाई: “एक नाव सांगायचं होतं रे. एक! अख्खा देश चालतो त्यावर.”

सोम. २२
काकांना सगळं सांगितलं.  त्यांनी जेवण वेगळं घेतलं.
न.ला पत्र लिहायला घेतलं. तुझ्या बाबांचं ऑपरेशन माझ्या हातात होतं आणि मी... फाडलं. पुन्हा कुणी विचारलं तरी हेच सांगेन. पण हे तिला कसं

गुरु. २५
काका हर्नियाचा पट्टा आवळत होते. एकदम म्हणाले,
“रांगेत माझ्या पुढे कोण होतं?”
“ती हैदराबादची बाई. हात गळ्यात बांधलेली.”
“रडत होती ती?”
“हो.”
“म्हणजे तिला मागे टाकून गेलो असतो मी.” पट्टा लावून झाल्यावर, “गाढव आहेस तू. तिला काय दिसलं तुझ्यात, कोण जाणे.”
“हैदराबादच्या बाईला?”
“नंदाला.”
आणि दिवा घालवून आडवे झाले.

रवि. २८
सदस्याकडून काही नाही. हॉस्पिटलात विचारून आलो, अजून ऑगस्टच. मेअखेरीला दोन महिने.
आज काका पण येतायत. इस्त्रीचा शर्ट घातलाय, एका हाताने पोट धरून जिना उतरायला लागले सुद्धा. “तू मागे राहा. आधी मी बोलणार,” म्हणतात. बघू कोण आधी बोलतं.
खाली हसनभाईंचा हॉर्न. यादीची दुसरी प्रत घेतली. आज उत्तर मिळाल्याशिवाय कप हलवायचा नाही. ओतू देत किती ओततात ते.